दगड लागल्याची हाक

शनिवारची शाळा सुटली तशी राजनंदिनी दप्तरासकट बापाच्या ट्रॅक्टरवर चढली आणि मडगार्डवर ऐटीत बसली. रामहरी उसाच्या दोन भरल्या ट्रॉल्या घेऊन कारखान्याला निघाला होता, घर वाटेवरच होतं. मग चालायचं कशाला?

पण पाच मिनिटांतच तिची हौस फिटली. इंजिन कानाशी बोंबलत होतं, त्याच्या वरताण स्पीकरवरचं गाणं, आणि मडगार्ड असं थरथरत होतं की दातावर दात आपटत होते. आण्णा चौदा हंगाम यावर बसतात तरी कसे? सीटचा फोम कधीच गेलेला, खाली तिहेरी घडीचं पोतं. हातांना मुंग्या येतात म्हणून ते चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरायचे.

चढ आला. रीत ठरलेली होती. दोन ट्रॉल्यांचं ओझं एका दमात चढत नसे, म्हणून मध्यावर ब्रेक दाबून थांबायचं, ऊसतोड टोळीतल्या कल्याणने मागच्या ट्रॉलीच्या चाकाखाली दगड लावून 'लागला' अशी हाक द्यायची, मगच ड्रायव्हरने ब्रेक सोडायचा.

ट्रॅक्टर मध्यावर थांबला तशी राजनंदिनीने मान वळवली. दगड मुरमावरून घसरला होता. कल्याण दोन्ही हात हलवत ओरडत होता, "सोडू नका!" त्याच्यामागे टोळीतल्याच रंगुबाईची बैलगाडी अगदी खेटून उभी.

रामहरीचे ओठ मात्र हलत होते. तीन, चार, पाच. त्याने पाय उचलला.

ट्रॉल्या हातभर मागे सरकल्या. बैल बिथरले. राजनंदिनीने खाली उडी टाकली ती थेट ब्रेकवर, दोन्ही पायांनी. सगळं धूड कचकन थांबलं.

कल्याणने दुसरा दगड लावला, हाक दिली. रामहरीने पुन्हा मोजायला सुरुवात केली, तेव्हा तिला उमगलं. आण्णांना हाक ऐकूच येत नव्हती; आकडे मोजून ते अंदाजाने ब्रेक सोडत होते. तिने खांद्यावर थाप मारून मान हलवली, तेव्हा कुठे त्याने ब्रेक सोडला.

माथ्यावर त्याने इंजिन बंद केलं, तिने स्पीकर. कधीपासून, हे तिला तीनदा विचारावं लागलं. तिसऱ्यांदा तोंडासमोर येऊन.

"दुसरा हंगाम," तो पुटपुटला. "ट्रॅक्टरच्या मालकाला कळलं तर सीटवरून उतरवंल."

"आज मी हुते, आण्णा. सोमवारी मी शाळेत."

तेवढ्यात कल्याण धापा टाकत आला. "रामहरीभाऊ, गान्याच्या नादात मारता काय आमाला?"

रामहरीने स्टिअरिंगवरचे हात काढले. इंजिन बंद होतं, तरी ते थरथरतच होते.

"गानं न्हाई रं. मला ऐकू येत न्हाई. इथून पुढं समोर येऊन हात दाखव. हात दिसल्याबिगर पाय काढनार न्हाई."

 कल्याणने हळूच विचारलं, "आन् मालक?"

"त्येलाबी सांगतो. आधी रंगुबाईला."

आणि तो खाली उतरून बैलगाडीकडे चालू लागला.