सुतळीला बांधलेला म्हातारा

घोड्यांच्या स्पर्धेला दोन घोडे एकत्र आणले की एकाला रिंगणात नेताना दुसरा मागे, घोडे आणायच्या ट्रेलरपाशी राहतो, आणि जो राहतो तो जीव तोडून खिंकाळतो. आमचा म्हातारा घोडा तर नुसता आकांत करतो; घरीही एकटा राहत नाही, सोबत आणावाच लागतो. म्हणून त्याच्यापाशी कुणीतरी थांबायचंच, हा घरचा नियम. ते कुणीतरी म्हणजे मी. इतकी वर्षं लेक स्पर्धांमध्ये घोडीवरून अडथळ्यांवर उड्या मारतेय, पण मी एकही पाहिलेली नाही. ती परत आली की मी विचारायचं, "कशी झाली गं?" आणि तिने हातवारे करून सांगायचं.

उद्या ती नोकरीला परगावी जाणार होती. आजची शेवटची स्पर्धा. घोडीवर बसताना म्हणाली, "आई, आज तरी ये ना."

माझा धाकटा भाऊ सोबत होता. तो लगेच पुढे झाला. "ताई, तू जा. मी धरतो याला." मग ट्रेलरच्या लोखंडी कडीत अडकवलेली सुतळी बघून हसला. "एवढं धूड आणि या दोऱ्याला बांधता? नायलॉनचा दोर कडीलाच घट्ट बांधू की!"

"खबरदार!" मी म्हटलं. "बिथरला तर काहीतरी तुटायलाच हवं. सुतळी तुटली तर दुसरी मिळते. याची मान मोडली तर ती कुठून आणशील? आणि बांधायचंच नाहीये. हातात धर, इथून हलू नकोस."

"बरं बाई," तो म्हणाला.

ट्रेलर सावलीत होता, चाकांना दगड लावलेले, बादलीत पाणी. तरी माझा पाय निघेना. शेवटी निघाले. अर्ध्या वाटेवर मागून धापा ऐकू आल्या. बघते तर भाऊसाहेब हजर!

"तुझ्या त्या सुतळीलाच बांधलाय गं. मलाही भाचीची उडी बघायचीय."

"अरे गाढवा!" माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आजही नशिबात नाही. मी तशीच माघारी वळले.

तेवढ्यात म्हातारा समोरून येताना दिसला. दुडक्या चालीने, दोर जमिनीवर फरफटत, दोराला सुतळीचा तुकडा. मला बघितलं न बघितलंसं करून सरळ रिंगणाकडे! मी मागे, भाऊ माझ्या मागे. लोक बाजूला होत होते. ओरडायची सोय नव्हती, ओरडलं की तो आणखी पळाला असता.

कुंपणाशी आला आणि घोडी दिसताच थांबला. चूप. मी दोर धरला, मानेवरून हात फिरवला, पाय तपासले. कुठे ओरखडासुद्धा नाही. हुश्श केलं आणि मान वर केली.

लेक शेवटच्या अडथळ्याकडे येत होती.

नंतर ती घोडी घेऊन आली तेव्हा आम्ही तिघं तिथेच उभे. म्हाताऱ्याने घोडीच्या मानेत तोंड खुपसलं.

"आई! तू आलीस?"

"मी कुठली येतेय! यानेच आणलं मला." भावाकडे बघून म्हटलं, "तुझ्याशी घरी बोलते."

तो खिशात नवी सुतळी शोधायला लागला. खिशात कुठली असणार!

लेक खाली उतरली. घामेजलेली, केस विस्कटलेले. माझ्याकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "कशी झाली गं?"

मी दोर भावाच्या हातात दिला आणि दोन्ही हातांनी तिला उडी करून दाखवली.