दुप्पट कोबी

किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायच्या सामुदायिक दिवशी सहकारी दुकानाच्या अंगणात मीठ लावलेल्या कोबीच्या पेट्या मावेनात. दुकानाच्या प्रमुख माएंगबाई शेतकरी प्यो आजोबांवर तडकल्या, "दरवर्षीच्या दुप्पट आणलीत! मुरलेली कोबी आता परत तरी कुठे न्याल?"

आजोबा ओशाळले. "सूनबाईने मोबाइलवर आकडा वाचला. वेंधळी आहे हो, तिचंच चुकलं असणार."

टेम्पोजवळची सून खाली मान घालून पेट्या परत चढवू लागली.

दुकानाच्या संगणकावर मागणीचा हिशेब ठेवणारी सेरोम हे ऐकत होती. तो आकडा तिनेच काढला होता. ज्या घरांनी किमची घालायला यायचा वार कळवलाय, त्यांचीच कोबी मागवायची होती. शेजारच्या टेबलावरचा दोग्यू तेव्हा म्हणाला होता, "कोबीच्या यादीला वारांचा तक्ता जोडू नका, ताई. वार कळवलाय की नाही एवढंच सबक्वेरीत, वेगळ्या उपप्रश्नात, तपासा. नाहीतर दोन वार लिहिणाऱ्या घराची कोबी दोनदा मोजली जाईल."

"मला शिकवतोस? दोन्ही तक्ते जॉइन केले की एका फटक्यात होतं," तिने त्याला उडवून लावलं होतं. बाळाच्या रजेत हिच्या डोक्याला गंज चढला असं कुणी म्हणू नये, एवढ्यासाठी. आणि बहुतेक घरांनी शनिवारही लिहिला होता, रविवारही.

आत्ता दोग्यू तिच्याकडे बघतसुद्धा नव्हता. त्याने चारचौघांत बोलून टाकलं असतं तर बरं, असं तिला वाटलं. गप्प राहिलं तर बाकी कुणाला कळणारही नव्हतं. पण त्या सुनेच्या पाठीला झोळीत बाळ बांधलेलं होतं, सेरोमच्या तान्ह्या नारेएवढंच.

"बाई, चूक माझी आहे." सेरोम कमरेत वाकली. "बेरीज मी चुकवली. दोग्यूने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

माएंगबाई तिच्याकडे वळून म्हणाल्या, "मग उभी काय राहिलीस, नारेच्या आई? हातमोजे चढव. कोबी तू वाढवलीस, मसालाही तूच भर!"

बायका हसल्या. तिला हसू येईना. तिखटाचा लाल मसाला पानापानांत चोळताना तिची मान वर होत नव्हती.

दुपारी कुणीतरी समोर येऊन उभं राहिलं. ती सून. कोबीच्या कोवळ्या पानात उकडलेलं डुकराचं मांस गुंडाळून तिने तो घास सेरोमच्या तोंडात कोंबला. "खा गं."

माफी मागायची तर तोंड भरलेलं. सेरोम नुसती चावत राहिली. डोळ्यांतलं पाणी तिखटाचं आहे असं सगळ्यांना वाटावं, म्हणून उगाच हाशहुश करत.