दोन इंच कमी

मित्रांनो, मी एक जुनी मोजपट्टी आहे. शिंप्याच्या गळ्यात असते ना, तीच. माझे पहिले तीन आकडे पुसले गेले आहेत आणि एका टोकाची पितळी पट्टी कधीच गळून पडली आहे. तरी माझा ताठा काही गेलेला नाही. इंच म्हणजे इंच! त्यात मला तडजोड खपत नाही.

कारखान्यातून नवी कोरी बाहेर पडले, तेव्हा एका तरुण शिंप्याने मला विकत घेतले. घराची पुढची खोली हेच त्याचे दुकान. गिऱ्हाईक हात वर करून उभे राही आणि मी त्याच्या छातीभोवती फिरे. कोणी पोट आत ओढून घेतले की शिंपी हसून म्हणे, "साहेब, श्वास सोडा. सदरा दिवसभर घालायचाय तुम्हाला." माझा शब्द त्याने कधी खाली पडू दिला नाही.

पुढे तयार कपड्यांची दुकाने निघाली आणि आमचा धंदा बसला. शिंप्याला दूरच्या शहरात, कपड्यांच्या मोठ्या कारखान्यात काम मिळाले. निघताना त्याने आपल्या चार वर्षांच्या मुलीचे माप घेतले. तिला तो लाडाने बटण म्हणे. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत वीस इंच भरले. बटण एकसारखी खिदळत होती, कारण माझ्या गुदगुल्या होतात.

कारखान्यात मला काहीच काम नव्हते. कापड यंत्र कापे. शिंप्याच्या वाट्याला आले डाव्या बाहीचे कफ. सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसते डावे कफ! उजवे कफ पलीकडच्या रांगेत. ज्याच्या अंगात तो सदरा जाणार, तो माणूस कधी समोर उभाच राहत नसे. तरी शिंपी मला गळ्यात घालूनच बसे. शेजारचा कारागीर चिडवे, "मास्तर, कफाला कसलं माप घेता? का पट्टी काढली तर मान गळून पडेल?" शिंपी ते हसण्यावारी नेई. रविवारी धुणे आटोपले की तो खोलीत मला बोटाभोवती गुंडाळत आणि पुन्हा उलगडत बसे. खोलीत आठ माणसे होती, पण तो फार एकटा पडला होता.

माझ्या कामाचा दिवस वर्षातून एकदाच येई. तेव्हा घरोघरी फोन नव्हते. बटणच्या वाढदिवसाच्या आधी घरून पत्र येई आणि पत्रात एक दोरा असे. घरी दुसरी मोजपट्टी नव्हती, म्हणून शिंप्याची बायको मुलीच्या खांद्यापासून गुडघ्यापर्यंत दोरा धरी आणि तेवढाच तोडून पाठवी. शिंपी तो माझ्यावर पसरून मोजे. पहिल्या वर्षी तेवीस इंच भरले.

"तेवीस? छे! हिनं दोरा सैल धरलाय," तो म्हणाला आणि त्याने एकवीसचा फ्रॉक बेतला आणि शिवून घरी पाठवला.

माझा नुसता तिळपापड झाला! परक्या गिऱ्हाइकाचा पाव इंच न चुकवणारा माणूस स्वतःच्या लेकीच्या बाबतीत माझे ऐकेना. दुसऱ्या वर्षी मी पंचवीस सांगितले, त्याने तेवीस कापले. तिसऱ्या वर्षी सत्तावीस सांगितले, त्याने पंचवीस कापले. त्याच्या डोळ्यांपुढे निघताना पाहिलेली चिमुरडीच होती. आपल्या पाठीमागे ती एवढी वाढली, हे त्याच्या मनाला पटतच नव्हते. बायकोचे उत्तर मात्र दर वेळी एकच असे, "फ्रॉक अगदी मापात बसला." मग स्वारी खूश!

तीन वर्षांनी त्याला सुट्टी मिळाली. घरी पोचलो तर पायरीवर एक लांब हातापायांची मुलगी दोरीच्या उड्या मारत होती. अंगात त्यानेच शिवलेला फ्रॉक. शिंप्याची नजर आधी शिवणीवर गेली. फ्रॉकच्या खालच्या काठाला वेगळ्याच कापडाची, तीन बोटे रुंद पट्टी हाताने शिवून जोडली होती. कापड घरातल्या उशीच्या अभ्र्याचे होते.

"ही पट्टी कोणी लावली?" त्याने विचारले.

"आईनं. तिन्ही फ्रॉकना लावलीय," मुलगी म्हणाली. मग हळूच म्हणाली, "पण माझ्या बाबांना सांगू नका हं, काका. त्यांना वाईट वाटेल."

शिंप्याने हातातली पिशवी पायरीवर ठेवली. मग त्याने मला गळ्यातून काढले आणि तो म्हणाला, "जरा उभी राहतेस का? माप घेतो." माझे टोक तिच्या खांद्यावर ठेवून त्याने मला गुडघ्यापर्यंत सोडले.

"अठ्ठावीस," तो म्हणाला. मग पुन्हा एकदा, स्वतःलाच सांगितल्यासारखे, "अठ्ठावीस."

तेवढ्यात आई बाहेर आली. "अगं, बाबा आलेत तुझे!"

मुलीने त्याच्याकडे पाहिले आणि पटकन दोन्ही हातांनी फ्रॉकची ती पट्टी झाकली. शिंप्याने तिला जवळ ओढले आणि तो लहान मुलासारखा रडला.

सुट्टी संपली, तेव्हा तो मला घरीच ठेवून गेला. तेव्हापासून मुलगीच माझ्यावरून आकडा वाचू लागली आणि स्वतःच्या हाताने पत्रात लिहू लागली. मित्रांनो, तुमचेही कोणी कामासाठी लांब गेले असेल, तर त्याला खरे ते कळवत जा. पडलेला दात, आखूड झालेली चप्पल, सगळे. वाईट वाटेल म्हणून लपवू नका. आणि माझ्यासारख्या पट्टीने खेचाखेची खेळू नका, एवढी आपली जाता जाता विनंती.

पुढच्या वाढदिवसाला मी तीस सांगितले होते. फ्रॉक आला एकतीसचा. तो एक इंच मी शिंप्याला माफ केला, कारण पार्सल पोचेपर्यंत मुलीने तो भरून काढला होता.