मनगटाखालची उशी

दहा वर्षांतून एकदा आमचं सांख्यिकी खातं देशातल्या उद्योगांची यादी नव्याने लावतं. यंदा भर तंत्रज्ञानावर होता. म्हणजे मोबाइलवरचे खेळ करमणुकीत टाकायचे की सॉफ्टवेअरमध्ये, यावर आमच्या समितीतले शहाणे सकाळभर घसा कोरडा करत होते.

माझा जीव बैठकीच्या शेवटच्या मुद्द्यात अडकला होता. माझ्या धाकट्या बहिणीची नोकरी म्हणजे दिवसभर लोकांनी नेटवर टाकलेले व्हिडिओ बघणं. मारहाण, आत्महत्या, लेकरांचे हाल. तिने बघायचं आणि काढून टाकायचं, म्हणजे बाकीच्यांना दिसणार नाही. आता शेजारचं पोर मोठ्याने हसलं तरी ती धावत जाऊन बघते, रडत तर नाही ना. डॉक्टरांनी लांब रजा आणि उपचार लिहून दिले. विमावाल्यांनी मात्र आमच्या यादीतून तिच्या कंपनीचा वर्ग काढून पाहिला: टंकलेखन व कार्यालयीन साहाय्य. त्या वर्गाचे मान्य आजार दोनच, पाठदुखी आणि आखडलेली बोटं. रजा नामंजूर झाली. वर सौजन्य म्हणून त्यांनी टाइप करताना मनगटाखाली ठेवायची उशी पाठवली. अशांशी भांडायचं तरी कुठून सुरू करायचं, तेच मला कळेना.

म्हणून समितीपुढे मी या कामासाठी नवा वर्ग मांडला. वर्ग वेगळा झाला की आजारांची यादीही वेगळी होते.

"नव्या वर्गाला आकडा लागतो, मॅडम," अध्यक्ष म्हणाले. माणूस गोड बोलतो, तेच जास्त खुपतं. "किती लोक हे काम करतात?"

"आकडा गणनेतून येतो, साहेब. गणना जुन्या वर्गांवर झाली. वर्गच नाही तर या लोकांना मोजणार कुठे?"

"मुद्दा बरोबर आहे. पण आकडा लागतो."

"कंपन्या सांगत नाहीत, आणि कामगारांकडून गप्प राहण्याच्या करारावर सह्या घेतल्यात."

"मग असं काही काम असतं, हे तुम्हाला कसं कळलं?"

सकाळीच मी बहिणीला विचारलं होतं. "सांग," ती म्हणाली होती, "फक्त कंपनीचं नाव घेऊ नकोस." मी सांगितलं. सगळं सांगितलं, शेजारच्या पोरासकट. खोलीत कोणी कप उचलेना. मला वाटलं, जमलं.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "वाईट वाटलं ऐकून. पण जवळच्या नातेवाइकाचा संबंध आला की सदस्याने त्या मुद्द्यापुरतं बाहेर थांबायचं असतं. नियम तुम्हाला माहीत आहेच."

त्या खोलीत हे काम माहीत असलेली मी एकटी, आणि माहीत आहे म्हणूनच मी बाहेर. कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून मी नुसती धुमसत राहिले. मोबाइलवरच्या खेळांना अख्खी सकाळ लागली होती. माझी पाण्याची बाटली उघडून होते न होते तोच दार उघडलं.

"एकमताने ठरलं," अध्यक्ष म्हणाले. "यादीच्या पुढच्या फेरीत नक्की घेऊ."

घरी बहीण दारातच उभी होती. "सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग?"

"मला बाहेर बसवलं."

ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली आणि ते मला बघवेना. "अगं, मी भांडते अजून," मी म्हणाले. "वर लिहिते."

"लिही ना, ताई." तिने ऑफिसची पिशवी खुंटीवरून काढली, डबा ठेवला, ओळखपत्र ठेवलं. "पण बिनपगारी घरी किती बसणार? उद्या जाते मी."

मग टेबलावरची उशी उचलून तिने तीही पिशवीत टाकली.