सगळं ऐकू येणाऱ्या कानात

मी एक जुनं कानाचं मशीन आहे, मित्रांनो. भुईमुगाच्या दाण्याएवढं. कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, ज्याच्या कानात जाईन तो मला जिवापाड जपेल. नेमका गेलो तो रेडिओवाल्या बाबांच्या कानात.

बाबांनी उभा जन्म रेडिओ दुरुस्त केले. सेटला कान लावून आतला बिघाड सांगणारा माणूस! मुलानं मला आणून दिलं, तेव्हा त्यांनी मला विंचवासारखं चिमटीत धरलं.

"मला कशाला हे? तुम्हीच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलता."

मुलाचं मन मोडवेना म्हणून ते मला घालू लागले. पण सेल काढून खिशात ठेवत. कुणी विचारलं की कानावर टिचकी मारत. "घातलंय की!" पुढे पुढे त्यांना स्वतःलाच ते खरं वाटू लागलं. मशीन लावूनही ऐकू येत नाही, म्हणजे दोष लोकांच्या बोलण्यातच!

मग घरात कुजबुज सुरू झाली. मुलगा आणि सून ओट्यापाशी ओठ हलवत आणि बाबा आले की गप्प होत. सेलाशिवाय मीही अर्धवटच ऐकतो. मलाही शंका येऊ लागली. काहीतरी शिजत होतं खरं.

यांना आपलं दुकान मोडायचंय, असं बाबांनी मनाशी पक्कं केलं. दुकानाला दुसरं कुलूप लागलं. ताट घेऊन ते एकटेच खोलीत जेवू लागले. सून पाणी घेऊन आली तर विचारत, "कोणी पाठवलं तुला?" बिचारी तांब्या ठेवून निघून जाई.

एका दुपारी त्यांनी दोघांना रंगेहाथ पकडायचं ठरवलं. खिशातला सेल माझ्यात बसवला आणि दाराआड उभे राहिले. माझ्यात जीव आला.

"सलूनवाला सेट परत ठेवून गेलाय," सून सांगत होती. "बाबांनी ठणठणीत झाला म्हणून दिला होता. नुसता खरखरतोय."

"राहू दे. पलीकडच्या मेकॅनिककडून करून आणतो, आधीचे आणले तसाच."

"आणि बाबांचा स्वतःचा रेडिओ? स्टेशन लागलेलंच नसतं हो. त्या खरखरीवर मान डोलवत बसतात. बघवत नाही मला."

"सांगू नकोस त्यांना. खचून जातील."

"किती दिवस झाकायचं? ते माझ्यावर डूख धरून बसलेत."

बाबांचा हात माझ्याकडे आला. मला वाटलं, झालं, आता सेल निघणार! बोटं कानाला लागली आणि तशीच खाली गेली. ते आत गेले, सलूनवाल्याचा सेट उचलला आणि बाहेर निघाले.

"बाबा, कुठे निघालात?" सुनेनं सवयीनं ओरडून विचारलं.

"ओरडू नकोस. येतंय ऐकू."



सलूनवाला एका गिऱ्हाइकाचे केस कापत होता. बाबांनी सेट टेबलावर ठेवला. "हा दुरुस्त झालाच नव्हता. मला... कमी ऐकू येतं," ते पुटपुटले.

"काय? मोठ्यानं बोला!"

"मला ऐकू येत नाही!"

गिऱ्हाईक खुर्चीत दचकलं. रस्त्यावरची माणसं वळून बघू लागली. ते वाक्य मी बाबांच्याच कानात पोचवलं. इतकं जड काम मला पुन्हा पडलं नाही.

त्या संध्याकाळी बाबा सगळ्यांबरोबर जेवले. सुनेला म्हणाले, "उगाच संशय घेतला तुझा." ती म्हणाली, "आम्हीही लपवलंच की, बाबा."

माझा मात्र अजून त्यांच्यावर पुरता विश्वास नाही. कुणी त्यांची चूक दाखवू लागलं की त्यांचा हात हळूच कानाकडे येतो. तेव्हा मी जीव मुठीत धरून बसतो.

मित्रांनो, मला पुसा, जपा, हे तर आहेच. पण सगळं घर आपल्याविरुद्ध कुजबुजतंय असं कधी वाटलं, तर घराचा संशय नंतर घ्या. आधी आपल्या कानाचा घ्या.