सोमलाचा पाय

पोहरादेवीच्या यात्रेहून तांड्याकडे परतताना उतारावर बैल बुजले, गाडी उलटली आणि सोमलाचा डावा पाय चाकाखाली आला. तांड्यातल्या जाणत्यानं पाला लावून बांबूच्या कामट्या आवळल्या. पण पाय काळा पडत गेला, झोपडीत वास सुटला. तेव्हा त्याची बायको गोमतीबाई हट्टाला पेटली. दीर खेमाला बरोबर घेऊन, नवऱ्याला मोटारीत आडवा टाकून तिनं थेट वाशिमचा दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी पाय पाहिला आणि म्हणाले, "ऑपरेशन करावं लागेल."

ऑपरेशन म्हणजे काय, हे गोमतीबाईला कुठून ठाऊक असणार? तिनं नर्सला विचारलं. मार्थाबाई नाव तिचं, अकोल्याकडची. ती घाईत होती. "भिऊ नको माय. पाय साफ करून देतात," एवढं बोलून ती सोमलाच्या स्ट्रेचरमागं आत गेली. दार लागलं.

गोमतीबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली. पाय साफ करतील, मलम लावतील, पट्टी बांधतील, असा तिनं मनाशी हिशेब केला. ऊन पायरीवरून सरकून अंगणात गेलं तरी दार उघडेना. खेमा बिडी ओढायला फाटकाबाहेर गेला.

तेवढ्यात दार उघडलं आणि सफाईवाला बादली घेऊन बाहेर आला. बादलीवर फडकं होतं. पायरी उतरताना त्याचा तोल गेला, फडकं घसरलं.

बादलीत माणसाचा पाय होता.

गोमतीबाईनं तो ओळखला. कुऱ्हाड लागून अंगठ्याचं नख दुभंगलेलं, घोट्यावर तिनंच बांधलेला काळा दोरा. पाय इथं आहे, मग माणूस कुठं आहे? जितंजागतं माणूस आत नेलं आणि तुकडे करून बाहेर काढून राह्यले!

मग तिनं जो हंबरडा फोडला, तो ऐकून फाटकावरचा खेमा बिडी टाकून धावत आला.

मार्थाबाईही धावत बाहेर आली. तिच्या ॲप्रनवर रक्ताचे डाग होते. ते पाहून गोमतीबाई मागं सरकली.

"मारला वं तुमी त्याले! कापून टाकला!"

"जिता हाये, माय! जिता हाये तुझा मालक!" मार्थाबाईनं तिचे दोन्ही दंड घट्ट धरले. "पाय सडला होता. जहर वर चढत होतं. नसता कापला त माणूस गेला असता."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

मार्थाबाईनं तिचे दंड सोडले. ती म्हणाली, "कापायचं आत गेल्यावर ठरलं. मी बाहेर येऊन सांगू शकत होती. नाई आली. चुकलं माह्यं."

गोमतीबाई तिच्याकडं पाहतच राहिली. दवाखान्यातलं माणूस चूक कबूल करतं, हे तिनं कधी ऐकलं नव्हतं. तिनं डोळे पुसले. "त्याले ठाऊक हाये का?"

"गुंगीत हाये अजून. डॉक्टर म्हणतात, उद्या सांगू."

"उद्या? तो चादर उचलून पाहीन तवा? माह्या जीवाचं पाणी झालं ना आत्ता, तसंच त्याचं करता काय? मी सांगतो त्याले."

मार्थाबाई आत जाऊन डॉक्टरांशी काय बोलली कोण जाणे. बाहेर आली ती स्टूल घेऊनच. "खाटेजवळ बस. मी बी थांबतो तुह्याजवळ."

सोमलानं डोळे उघडले तेव्हा ओठ कोरडे पडले होते. मार्थाबाईनं ते ओल्या कापसानं पुसले. "गोमती," तो पुटपुटला, "डाव्या पायाचा अंगठा लय खाजवून राह्यला. जरा खाजवून दे."

गोमतीबाईनं मार्थाबाईकडं पाहिलं. अंगठाच नाही तर खाजवतो कसा?

"असं होते, माय," मार्थाबाई हळूच म्हणाली. "पाय कापलेल्या माणसाले तो पाय हायेच असं वाटते. तो खोटं नाई बोलून राह्यला."

गोमतीबाईनं नवऱ्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "सोमला, माह्याकडं पाह्य. पाय गेला रे. गुडघ्याखालून कापला. जीव वाचवाले कापला."

सोमलानं चादर चाचपली आणि जिथं काहीच नव्हतं तिथं त्याचा हात थबकला. त्याचं तोंड वेडंवाकडं झालं, पण रडू फुटलं नाही. त्यानं विचारलं, "कुठं टाकला?"

मार्थाबाई उठली आणि बाहेर गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात पांढऱ्या फडक्यात नीट गुंडाळलेलं, सुतळीनं बांधलेलं गाठोडं होतं. खेमानं ते दोन्ही हातांवर घेतलं. दवाखान्यामागच्या माळावर त्यानं खड्डा खणला, गाठोडं मातीत ठेवलं आणि कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड रचले.

दुसऱ्या दिवशी अनसिंग गावच्या एका बाईला ऑपरेशनला आत नेलं. तिचा म्हातारा बाप व्हरांड्यात येरझारा घालत होता. मध्येच दार उघडलं. मार्थाबाई हात पुसत बाहेर आली, त्याला पायरीवर बसवून त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"बाबा, गाठ काढली. रक्त जरा जास्त गेलं, पण पोरगी श्वास घेऊन राह्यली. अजून टाके घालाचे हायेत. मी पुन्हा येतो सांगाले."

भिंतीला टेकून बसलेल्या गोमतीबाईनं आपला पाण्याचा तांब्या म्हाताऱ्यापुढं सरकवला.