डाव्या हाताचा मीटर

मित्रांनो, मी एक जुना वीजमीटर आहे. काचेआड पातळ चकती गोल गोल फिरते ना, त्या जातीचा. आमची जात आता संपत आली. नव्या मीटरांना चकती नसते, नुसते आकडे चमकतात. ते काम चोख करत असतील, मी नाही म्हणत नाही. पण त्यांच्याकडे बघता बघता एखादं पोर जेवायचं विसरलं, असं अजून माझ्या कानावर आलेलं नाही. माझ्याकडे बघता बघता पोरं विसरायची.

मी एका कारखान्यात तयार झालो. अंगावर पत्र्याची छोटी पाटी बसवली आणि तिच्यावर माझा नंबर कोरला. मग तपासणी झाली आणि शिशाचं सील ठोकलं. सील म्हणजे आमची अब्रू समजा. खोक्यात माझ्याशेजारी अगदी माझ्यासारखाच एक मीटर होता. आम्ही दोघं एकाच गाडीतून भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात आलो आणि तलावाच्या पाळीखालच्या एका घरात एकाच फळीवर बसलो.

घर दोन भावांचं होतं. वाटणी झाली तेव्हा मधोमध भिंत उठली, पण विजेचा खांब एकाच बाजूला असल्यामुळे पुढची ओसरी समाईक राहिली. मी थोरल्या वासुदेवरावांचा मीटर. माझा सोबती धाकट्या भावाच्या घरचा. भिंतीकडे तोंड करून बघाल तर मी डावीकडे आणि तो उजवीकडे. कोणता मीटर कुणाचा ते कळावं म्हणून आमच्या खाली भिंतीवर रंगाने ग्राहक नंबर लिहिले होते.

ती कामाची वर्षं फार चांगली गेली. दसऱ्याला नांगराची, विळ्याची पूजा झाली की वासुदेवरावांच्या बायको रुखमिणीबाई ताट घेऊन आमच्याकडे यायच्या. "यायच्यामुळं घरात उजेड हाय," म्हणायच्या आणि दोघांनाही हळदकुंकू लावायच्या. काच झाकू नये म्हणून बोट नेमकं खालच्या पाटीवर टेकवायच्या. वर्षानुवर्षं तेलकट बोटाने कुंकू बसत गेलं आणि कोरलेला नंबर पार बुजला. मला त्याचं काही वाटलं नाही. इतक्या मायेने लावलेलं ते कुंकू कुणी पुसायला आलं असतं तरी मीच नको म्हटलं असतं.

दीड वर्षापूर्वी रुखमिणीबाई गेल्या. वासुदेवरावांना त्या घरात राहवेना. त्यांचा मुलगा सचिन त्यांना नागपूरला घेऊन जायला आला. निघताना त्यांनी मेन स्विच बंद केला, कुलूप लावलं आणि किल्ली ओसरीतल्या कट्ट्यावर ठेवली. धाकट्या भावाची विधवा सत्यभामा दाराआड उभी होती. वासुदेवराव तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. लग्न होऊन चाळीस वर्षं झाली, तरी ती त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर पुढे ओढूनच वावरायची. त्यांच्याशी थेट एक शब्द कधी बोलली नव्हती. काही सांगायचं झालं तर रुखमिणीबाईंच्या तोंडून सांगायची. वासुदेवराव दाराकडे न बघता म्हणाले, "किल्ली ठेवली हाय. पन मी आल्याशिवाय घर कोनी उघडू नोका." आतून बांगड्या वाजल्या, तोच होकार. त्या दिवशी माझी चकती थांबली.

मित्रांनो, थांबलेला मीटर मेलेला नसतो. खांबावरची वीज माझ्यापर्यंत येतच होती. ती घेणारं मात्र कुणी नव्हतं.

या वर्षी दिवाळीआधी सत्यभामाच्या सुनेने, कामिनीने, ओसरीला चुना दिला. नंबर पुसणार म्हणून नात रुचिकाने ते आधी वहीत उतरवून घेतले. भिंत वाळल्यावर ती ब्रश घेऊन उभी राहिली आणि तिने विचारलं, "आजी, आपला कोनता वो?" सत्यभामा भिंतीला पाठ टेकून, अंगणाकडे तोंड करून तांदूळ निवडत होती. मान न वळवता तिने सांगितलं, "डाव्या हाताचा." तिच्या डाव्या हाताचा, म्हणजे खराच त्यांचा. पण भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या रुचिकाच्या डाव्या हाताला मी होतो. पोरीने वळणदार अक्षरात त्यांच्या घरचा नंबर माझ्याखाली लिहिला आणि माझा नंबर सोबत्याखाली. मला दिसत होतं. ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो.

दिवाळीनंतर कामिनीला बचत गटातून कोंबडीची तीस पिल्लं मिळाली. दोन दिवसांची, मुठीत मावतील एवढी. लग्न होऊन आल्यापासून तिच्या एकटीच्या नावावर घरात आलेली ही पहिली गोष्ट होती. तिने पुढच्या खोलीत पत्र्याचं गोल कडं उभं केलं, आत धानाचा कोंडा पसरला आणि वरून दोन मोठे बल्ब सोडले. अशा पिल्लांना आईची ऊब नसते, बल्बचीच असते. तीन आठवडे तो विझता कामा नये, हे तिने प्रशिक्षणात ऐकलं होतं. दिवसातून दहा वेळा ती सोबत्याच्या चकतीकडे बघून खात्री करायची.

पिल्लं येऊन पाच दिवस झाले होते. थंडी पडली होती आणि सगळे धान कापायला बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, गेले होते. घरी एकटी सत्यभामा होती. दुपारी लाईनमन इश्वर आला. वासुदेवरावांनी नागपूरहून अर्ज केला होता, की घर बंद आहे, वीज कायमची तोडा. इश्वरने कागद दाखवला. सत्यभामा म्हणाली, "हो, मालूम हाय. त्यायनं सांगतलं होतं." इश्वरने पाटी बघितली, तिच्यावर कुंकवाचा थर. मग भिंतीवरचा नंबर बघितला, कागदाशी जुळवला आणि माझ्या सोबत्याला उतरवलं. सोबत्याची चकती तेव्हा फिरत होती. इश्वरच्या मागे अजून चार गावं होती, त्याने तिकडे बघितलंच नाही.

आतले बल्ब विझले. सत्यभामाला वाटलं, लाईन गेली असेल, येईल.

चार वाजता कामिनी रुचिकाला घेऊन परतली. पिल्लांचा आवाज तिने अंगणातूनच ओळखला. थंडी वाजली की पिल्लं उबेसाठी एकमेकांच्या अंगावर चढतात आणि खालची गुदमरतात. ती आत धावली आणि तीन पिल्लं ओंजळीत घेऊन बाहेर आली. त्यांच्या माना लोंबत होत्या. मग तिची नजर फळीवर गेली.

"आत्याबाई, आपला मीटर कोठी हाय?"

"भासऱ्यायचा नेला न इश्वरनं."

"त्यायचा तं हा लटकून राहिला."

सत्यभामाने वळून भिंतीकडे बघितलं आणि मग आपल्या डाव्या हाताकडे. रुचिका रडायला लागली. "म्या लिवला नंबर, माय वो."

कामिनीचा नवरा चंद्रकुमार बांधीतून आला आणि तसाच गाडीवरून तालुक्याच्या ऑफिसात गेला. तिथून त्याचा फोन आला. कामिनीने तो ओसरीत उभं राहूनच घेतला, म्हणून मलाही ऐकू आला. "साहेब म्हनते, कागदावर आपली लाईन चालू हाय. मी म्हटलो, घरात अंधार हाय जी. तं म्हनते, सिस्टीममधी चालू दाखवून राहिली. मीटर जमा झाला, उद्या मानूस पाठवतो."

कामिनीने शेगडी पेटवली, पण धुराने पिल्लं आणखीच घाबरी झाली. ती शेगडी उचलून बाहेर आणावी लागली. आणखी दोन पिल्लं गेली.

मी त्यांच्यापासून चार हातांवर होतो. माझ्यात वीज होती, भिंतीपलीकडच्या बंद घरात तारा होत्या, आणि त्या घराची किल्ली सत्यभामाच्या कमरेला होती. इतकं असून मी काही करू शकत नव्हतो. आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली नाही.

कामिनी सासूसमोर उभी राहिली. "किल्ली द्या, आत्याबाई."

"त्यायनं नाही म्हटलं हाय, बाई. फोन लाव."

फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. सचिनचाही लागेना. ऊन अंगणातून वर भिंतीवर चढलं. आतून येणारा चिवचिवाट कमी झाला, आणि कमी झालेला तो आवाज सहन होण्यासारखा नव्हता. सत्यभामा उठली, कमरेची किल्ली सोडली आणि कुलूप उघडलं. कामिनीने पिल्लं आणि बल्ब भिंतीपलीकडच्या पुढच्या खोलीत आणले आणि मेन स्विच वर केला. दीड वर्षाने माझ्या चकतीला धक्का बसला आणि ती फिरली. दोन बल्बांएवढीच, हळूहळू. मित्रांनो, लग्नाच्या मांडवाची वीज मी वाहिली आहे, पण एवढं ओझं मला कधी जाणवलं नव्हतं.

थोड्या वेळाने वासुदेवरावांचा फोन आला. कामिनीचे हात पिल्लांत गुंतले होते. फोन कट्ट्यावर वाजत होता. सत्यभामाने पदर डोक्यावरून पुढे ओढला, जणू ते समोरच उभे आहेत, आणि फोन कानाला लावला.

"मी सत्यभामा बोलून राहिली. तुमचं घर उघडलं मी. न इचारता."

तिकडून म्हातारा आवाज आला, "काहून?"

"पिल्लं मरून राहिली होती जी. आमची लाईन कापल्या गेली, म्हनून तुमच्या पुढच्या खोलीत आनली. चूक माहीच हाय."



"पुढच्या खोलीत ठेवू नोका," वासुदेवराव म्हणाले. "तिथं दाराखालून वारा येते. रुखमिणीच्या खोलीत ठेवा."

तीसपैकी एकवीस पिल्लं वाचली. नऊ पिल्लं कामिनीने परसात पुरली आणि त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता इश्वर माझ्या सोबत्याला घेऊन आला. त्याची मान खाली होती. त्याने सोबत्याला जागेवर बसवलं, पिल्लं आपल्या घरी गेली, आणि कागदाप्रमाणे मला उतरवण्यात आलं. जाताना तो म्हणाला, "वयनी, तार कापाच्या आधी म्या एक डाव आवाज दिला असता तं बरं झालं असतं. मीच नाही देल्लो." कामिनीने त्याला पाणी दिलं.

आता मी वखारीत जुन्या मीटरांच्या ढिगात पडलो आहे. इश्वर वाईट माणूस नव्हता, सत्यभामा नव्हती, रुचिका तर पोरच. चूक कुणाच्याही हातून होते. पण त्या दुपारी दार उघडं होतं आणि आत बल्ब जळत होते. मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणाच्या हातात पक्कड येईल, कुणाच्या हातात शिक्का. कुणाची तार तोडण्याआधी उंबऱ्यातून एकदा आत डोकावून बघा. आत कोण जगतं आहे, ते नंबरावर लिहिलेलं नसतं.